मामाजींचं ऑपरेशन : दुर्बिणीने की पोट उघडून?

पत्र : डॉक्टर, दारव्हा तालुक्यात आमची शेती आहे. आमचे मामाजी (सासरे) ७६ वर्षांचे. वर्षभर संडासवाटे रक्त जायचं, मूळव्याध समजून गावठी औषध घेत राहिले. दिवाळीनंतर तपासलं तर गुदाशयाचा कॅन्सर निघाला, संडासच्या जागेपासून ७ सेंटीमीटर वर. नागपूरला २५ वेळा शेक (रेडिएशन) आणि सोबत गोळ्या झाल्या. आता ऑपरेशन सांगितलं आहे. एक डॉक्टर म्हणतात दुर्बिणीने करू, लवकर उठतील. दुसरे म्हणतात या जागी उघडूनच केलेलं बरं. भासरे (मोठे दीर) म्हणतात दुर्बिणीने बारीकसारीक उरते. मामाजी एकच म्हणतात, "मले फाडू नका." पन्नास वर्षं बिडी ओढली, चढावर दम लागतो. पोटावर पिशवी येऊ शकते हे त्यांना अजून सांगितलं नाही. काय करावं? – एक सून

ताई,

आधी उत्तर देतो, कारणं मागून. तीन गोष्टी बघा. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मामाजींचं हृदय आणि छाती तपासून दुर्बिणीच्या ऑपरेशनला हिरवा कंदील दिला आहे का? शेकानंतरच्या एमआरआयमध्ये गाठ गुदाशयाभोवतीच्या वेष्टणाच्या कडेपासून सुटी दिसते का? आणि दुर्बिणीने करू म्हणणारे सर्जन गुदाशयाचीच ऑपरेशनं दुर्बिणीने नेहमी करतात का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर दुर्बिणीने करा. एकाचंही उत्तर नाही असेल तर उघडून करा, आणि आपण मामाजींसाठी काही कमी केलं असं मनात आणू नका.

भासऱ्यांची शंका रास्त आहे, कधीकाळी आम्हा सर्जन लोकांनाही ती होती. म्हणून तिचं उत्तर नीट देतो. गुदाशयाभोवती चरबीचं एक वेष्टण असतं. कॅन्सरच्या बारीक गाठी पसरतात त्या याच चरबीत. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये सांगितलं, की गुदाशय या वेष्टणासकट काढला तर कॅन्सर तिथेच उलटण्याचं प्रमाण खूप घटतं. संत्र्याची फोड जशी पातळ सालीसकट अख्खी निघावी, कुठे साल फाटून रस सांडू नये, तसं ते निघालं पाहिजे. आज जगभर हेच ऑपरेशन होतं. पोट उघडून केलं तरी हेच, दुर्बिणीने केलं तरी हेच. आत जाण्याची वाट तेवढी वेगळी.

आता त्या वाटेने फरक पडतो का? युरोप, कॅनडा आणि कोरियातल्या ३० रुग्णालयांनी मिळून १०४४ रुग्णांवर मोठी चाचणी केली, तिचं नाव कलर-२. कोणाचं ऑपरेशन कसं करायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. तीन वर्षांनी कॅन्सर त्याच भागात उलटलेले रुग्ण दोन्हीकडे ५ टक्केच. जिवंत राहिलेल्यांचं प्रमाणही जवळपास सारखं. कोरियात शेक घेऊन झालेल्या, म्हणजे मामाजींसारख्याच ३४० रुग्णांवर चाचणी झाली. तिथेही दुर्बीण मागे पडली नाही.

पण तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या बोलण्यालाही आधार आहे. २०१५ मध्ये अमेरिका-कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड इथल्या दोन चाचण्यांचे निकाल आले. त्यांनी वर्षं मोजली नाहीत, काढलेला तुकडा तपासला : वेष्टण अखंड आहे का, कडा स्वच्छ आहेत का. अमेरिकेत उघडून केलेल्यांत ८७ टक्के आणि दुर्बिणीने केलेल्यांत ८२ टक्के तुकडे सर्व कसोट्यांना उतरले. ऑस्ट्रेलियात ८९ आणि ८२. फरक थोडा होता, पण दुर्बीण उघड्या ऑपरेशनच्या तोडीची आहे असं छातीठोक म्हणता येईना. पुढे दोन वर्षं या रुग्णांवर लक्ष ठेवलं तेव्हा कॅन्सर उलटण्यात ठळक फरक दिसला नाही. तरी या दोन चाचण्या मी विसरत नाही. ही दुर्बीण वापरणारे निवडक, तयार हात होते. त्यांच्याकडूनही खोल ओटीपोटात वेष्टणाची साल कधी फाटत होती. मग महिन्या-दोन महिन्यांतून एखादं करणाऱ्या हाताकडून काय होईल याचा विचार करा. पुरुषांचं ओटीपोट अरुंद असतं, गाठ खाली असेल तर सरळ काठीसारखी हत्यारं तिथे वळवताना कस लागतो. म्हणून वाटेपेक्षा हात मोठा, असं मी मानतो.

मग दुर्बिणीचा फायदा काय? तो ऑपरेशननंतरच्या दहा-पंधरा दिवसांत आहे, आणि म्हाताऱ्या माणसाला तो तरुणापेक्षा जास्त आहे. उघड्या ऑपरेशनमध्ये बेंबीच्या वरपासून खालच्या हाडापर्यंत काप येतो. तो दुखतो म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचतो, न्यूमोनिया होतो. बिडी ओढलेल्या छातीला हीच भीती सर्वांत मोठी. दुखतं म्हणून उठत नाही, मग पायात रक्ताच्या गुठळ्या, अंगातली ताकद जाणं, रात्री बरळणं सुरू होतं. कलर-२ मध्ये दुर्बिणीवाल्यांचं रक्त निम्मंच गेलं, साधारण ४०० ऐवजी २०० मिलीलीटर. आतडी दुसऱ्या दिवशी चालू झाली, उघड्यात तिसऱ्या. घरी जाणं मात्र एकच दिवस आधी झालं, म्हणजे "तीन दिवसांत चालत घरी" असं कोणी सांगत असेल तर ते गुदाशयाच्या ऑपरेशनला लागू नाही. आठवडाभर रुग्णालय धरूनच चला.

टेबलावर मात्र उलटं असतं. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात आणि आतडी वर सरकावीत म्हणून डोकं खाली, पाय वर असं टेबल तिरपं करतात. चार तास छातीवर पोटाचा भार येतो. कलर-२ मध्ये दुर्बिणीला उघड्यापेक्षा सुमारे पाऊण तास जास्तच लागला. तरुण हृदय हे सहज पेलतं. ज्याचं हृदय आधीच कमजोर आहे त्याला ते जड जाऊ शकतं. म्हणजे चार तास जड आणि पुढचे दहा दिवस हलके, असा हा व्यवहार आहे, आणि मामाजींना तो परवडेल की नाही हे सर्जनपेक्षा भूलतज्ज्ञ जास्त चांगलं सांगतील. त्यांना ऑपरेशनच्या आदल्या रात्री नव्हे, दोन-तीन आठवडे आधी भेटा. हृदयाची २डी इको आणि फुप्फुसांची फुंकण्याची चाचणी करून घ्या.

कलर-२ सारख्या चाचण्यांत फार थकलेले, आजारांनी खंगलेले म्हातारे फारसे घेतले जात नाहीत, हेही लक्षात ठेवा. म्हणून कागदावरचं ७६ हे वय मी फारसं मनावर घेत नाही. बघायचं ते हे : मामाजी वावरात स्वतः जातात का? बाजेवरून आधार न घेता उठतात का? घरी एक करून पाहा. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जायचं, वळून परत येऊन बसायचं. २० सेकंदांहून जास्त लागले तर तो आकडा डॉक्टरांना आवर्जून सांगा. दोन महिन्यांत वजन किती उतरलं तेही सांगा.

आता मामाजींचं "मले फाडू नका". त्यांना खरं सांगा, की दुर्बिणीतही काप येतो. चार-पाच छिद्रं असतात, आणि काढलेला भाग बाहेर घ्यायला पाचेक सेंटीमीटरचा एक काप बहुतेक वेळा द्यावाच लागतो. "फक्त छिद्रं" म्हणून सांगितलेलं असलं की पट्टी काढल्यावर टाके बघून म्हातारा माणूस हबकतो, आपल्याला फसवलं असं त्याला वाटतं. आणखी एक गोष्ट : दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच पोट उघडून पूर्ण करावं लागू शकतं. कलर-२ मध्ये सहा-सात रुग्णांत एकाचं असं झालं. त्याआधी ब्रिटनमध्ये झालेल्या क्लासिक नावाच्या चाचणीत गुदाशयाच्या रुग्णांत तर तिघांत एकाचं. आणि ज्यांचं असं अर्ध्यावरून बदलावं लागलं, त्यांना त्रास इतरांपेक्षा जास्त झाला. सर्जनने वेळीच पोट उघडायचं ठरवलं तर ती हार समजू नका, ते शहाणपणच आहे. पण ज्याच्याकडे हे वारंवार होतं, त्याच्याकडे दुर्बिणीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

म्हणून दोन्ही सर्जनना तोंडावर विचारा : वर्षाला गुदाशयाची किती ऑपरेशनं तुम्ही स्वतः करता? त्यांतली दुर्बिणीने किती? किती वेळा मध्येच उघडावं लागतं? रात्री-बेरात्री काही झालं तर अतिदक्षता विभागात कोण असतं? पित्ताशयाची, अपेंडिक्सची दुर्बिणीची ऑपरेशनं मोजू नका, त्यांचा इथे संबंध नाही. चांगला सर्जन या प्रश्नांवर रागावत नाही. आणि ज्या डॉक्टरांनी "उघडून करू" म्हटलं, त्यांनी आपल्या हाताचा अंदाज घेऊन ते म्हटलं असेल तर तो प्रामाणिकपणा आहे, त्यांना जुनाट म्हणून बाजूला सारू नका. गावातलं कोणीतरी रोबोटचंही सांगेल. २०१७ साली आलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत साध्या दुर्बिणीपेक्षा रोबोटने मध्येच पोट उघडण्याचं प्रमाण ठळकपणे कमी झालं नाही. नंतर चीनमधल्या अनुभवी हातांत त्याचे निकाल थोडे सरस आलेत. पण त्यासाठी एकरभर जमीन विकण्याइतका तो फरक नाही.

तुमच्या पत्रात एक प्रश्न नाही, तो मी विचारतो. शेक संपल्यानंतर पुन्हा एमआरआय आणि पुन्हा संडासच्या वाटेने दुर्बीण घालून आतून तपासणी झाली का? शेक संपल्यापासून साधारण दोन ते तीन महिन्यांनी ऑपरेशन होतं, त्याआधी हे व्हायलाच हवं. काही रुग्णांत गाठ शेकानेच पूर्ण विरघळते. अशांचं ऑपरेशन न करता फक्त लक्ष ठेवायचं, ही पद्धत ब्राझीलच्या डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी रुजवली, आणि वय झालेल्या माणसासाठी ती मोठा दिलासा ठरू शकते. अट कडक आहे : पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी, ठरावीक काळाने एमआरआय, एकही वारी चुकवून चालत नाही. पेरणी आली, कापूस वेचायला आला म्हणून तारीख पुढे ढकलणाऱ्या घराने या वाटेला जाऊ नये. गाठ शिल्लक असेल तर हा प्रश्नच मिटला.

ऑपरेशनपर्यंतचे आठवडे वाया घालवू नका. बिडी आजच बंद. खर्रा खात असतील तर तोही. तंबाखूने जखम भरायला आणि आतड्याचा सांधा जुळायला वेळ लागतो. बाजारात तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र मिळतं, ते फुंकायचं नसतं, नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा असतो आणि चेंडू वर धरून ठेवायचे असतात. दर तासाला दहा वेळा. रोज सकाळी गावाच्या वेशीपर्यंत चालणं. जेवणात रोज अंडी, दूध, तुरीचं घट्ट वरण, पिठलं.

वर्षभर रक्त गेलंय म्हणजे हिमोग्लोबिन उतरलेलं असणार. लोहाच्या गोळ्या म्हाताऱ्या पोटाला बऱ्याचदा सोसत नाहीत आणि वेळही कमी आहे, सलाइनमधून लोह देता येतं का विचारा. आणि आपल्या विदर्भासाठी मुद्दाम सांगतो, सिकलसेलची, म्हणजे रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली नसेल तर करून घ्या. मोठा त्रास कधी झाला नाही म्हणून सिकलसेल नाही असं धरून चालू नका. असेल तर ऑपरेशनच्या वेळी प्राणवायू, पाणी आणि अंगाची ऊब यांची जास्त काळजी घ्यावी लागते, आणि हे भूलतज्ज्ञांना आधी माहीत असलं पाहिजे.

आता पिशवी. ताई, मला विचाराल तर छिद्र की काप यापेक्षा हा निर्णय मोठा आहे, कारण टाके पंधरा दिवसांत विसरले जातात, पिशवीसोबत रोज जगायचं असतं.

७ सेंटीमीटरवरची गाठ काढून आतडं परत जोडता येतं, बहुतेक वेळा. पण शेक झालेल्या जागी इतक्या खालचा सांधा गळण्याचा धोका असतो. म्हणून तो भरेपर्यंत लहान आतड्याचं तोंड पोटाच्या उजव्या बाजूला काढून मळ पिशवीत घेतात. दोन-तीन महिन्यांनी, सगळं ठीक असेल तर छोटं ऑपरेशन करून ते बंद करतात. दुसरा मार्ग म्हणजे न जोडता डाव्या बाजूला कायमची पिशवी. ऐकायला हे भयंकर वाटतं. पण ज्याची संडास आवरण्याची ताकद आधीच कमी आहे, त्याचं आतडं इतक्या खाली जोडलं तर दिवसातून आठ-दहा वेळा, रात्रीतून दोन-तीन वेळा पळावं लागू शकतं, कधी तिथपर्यंत पोहोचणंही होत नाही. तुमच्या घरी संडास परसात आहे का? मामाजींना उकिडवं बसता येतं का, गुडघे दुखतात का? आताही कधी कपड्यात होतं का? हे सर्जनला लाजेखातर कोणी सांगत नाही, आणि निर्णय तर यावरच ठरायला हवा. कायमची पिशवी लावून बाजाराला, लग्नाला, वावरात जाणारी माणसं मी पाहिली आहेत. आणि आतडं जोडूनही संडासच्या धास्तीने घराबाहेर न पडणारीही पाहिली आहेत.

पिशवी तात्पुरती असो की कायमची, तिची जागा ऑपरेशनच्या आधी मार्करने खूण करून ठरवायला सांगा. मामाजी धोतर नेसतात की पायजमा? ते नेसूनच बसवून, उभं करून, वाकवून बघायचं. नेमकी धोतराच्या गाठीखाली किंवा पोटाच्या वळीत पिशवी आली तर रोज सुटणार, रोज गळणार.

शेक जानेवारीत संपला असेल तर ऑपरेशन मार्च-एप्रिलमध्ये येईल, म्हणजे लहान आतड्याची पिशवी ऐन उन्हाळ्यात. आपला मे महिना ४५ अंशांचा. या पिशवीतून पातळ मळ जातो आणि त्यासोबत अंगातलं पाणी नि मीठ. ऑपरेशन उत्तम झालेले म्हातारे याच कारणाने मूत्रपिंडं थकून परत भरती होतात. उन्हाळा आहे म्हणून ऑपरेशन पुढे ढकलू नका, तयारी ठेवा. पिशवीतला मळ रोज मापाच्या भांड्यात मोजा. दीड लिटरच्या वर गेला, लघवी कमी नि गडद झाली, जीभ कोरडी पडली, उभं राहिल्यावर घेरी आली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना गाठा. तहान लागली म्हणून तांब्यावर तांब्या नुसतं पाणी प्यायलं तर मीठ आणखी वाहून जातं. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, दिवसभर घोट घोट. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर ते चालू ठेवायचं का, हे सुट्टी देतानाच विचारून घ्या.

संत्र्याची फोड सालीसकट गिळायची नाही, चोथा आतड्याच्या तोंडाशी अडकतो. रस चालेल. हुरडा, मक्याचं कणीस, भाजलेले हरभरेही तोवर नकोत. पिशवीच्या चकतीला भोक पाडताना ते आतड्याच्या तोंडापेक्षा दोन-तीन मिलीमीटरच मोठं ठेवा, जास्त ठेवलं तर मळाने कातडी सोलवटते. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. घामाने चकती लवकर सुटेल, जास्तीच्या दोन-चार घरात ठेवा. रुग्णालयातून निघण्याआधी घरातल्या दोघांनी नर्सपुढे स्वतःच्या हाताने पिशवी बदलून दाखवावी. त्यातले एक मामाजी स्वतः असावेत आणि दुसरं माणूस दरवेळी तुम्हीच असं नको, मुलांनीही शिकावं.

पैशांचं थोडक्यात. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, आणि सत्तरीच्या पुढच्यांसाठी २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डही आहे. रेशनकार्ड, आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. दुर्बिणीचं साहित्य आणि आतडं जोडायचं स्टेपलर यांचे वेगळे पैसे मागितले जाणार का, हे भरती होण्याआधी विचारा. सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल, एम्स, तुकडोजी कॅन्सर रुग्णालय, यांपैकी कुठेही तिसरं मत घेता येईल. मामाजींना पंचाहत्तरीमुळे एसटी फुकट आहे, तुम्हाला अर्धं तिकीट.

मामाजींना सांगावं का, असं विचारलंत. सांगा, आणि ऑपरेशनच्या आधी सांगा. भुलीतून जागं होऊन पोटावर पिशवी दिसणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. सही त्यांची, पोट त्यांचं. भासरे, तुमचे मालक आणि मामाजी, तिघांनाही सोबत घेऊन सर्जनकडे बसा आणि सर्जननेच चित्र काढून समजवावं. मामाजींना कमी ऐकू येत असेल तर मध्ये तुम्ही वऱ्हाडीत सांगा. त्यांना काय जास्त नको आहे, पोटावर मोठा काप की कायमची पिशवी, हे त्यांच्या तोंडून निघू द्या. सगळं ऐकून त्यांनी ऑपरेशनच नको म्हटलं तर चिडू नका, पण गाठ वाढली तर संडास बंद होऊ शकतो, दुखणं वाढतं, हेही त्यांना त्याच बैठकीत कळू द्या.

ऑपरेशननंतर काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट दहा-पंधरा दिवसांत येईल. त्यात वेष्टण अखंड होतं का, कडा स्वच्छ आहेत का आणि चरबीतल्या किती गाठी (लसिकाग्रंथी) तपासल्या, या तीन ओळी डॉक्टरांकडून वाचून घ्या. पुढे केमो लागेल की नाही ते त्यावरून ठरेल. त्या रिपोर्टची, एमआरआयची आणि शेकाच्या कागदांची एकेक झेरॉक्स घरी वेगळ्या पिशवीत ठेवा. दोन्ही सर्जनांची उत्तरं आणि इकोचा रिपोर्ट हाती आला की मला पुन्हा लिहा.